माणसाचे मोल त्याच्या हुद्द्यावर ठरवू नका : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि पास्टरेट कमिट्यांचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे, सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

नोकरी गेलेला माणूस मंडळीपासून कसा दूर जातो, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. तो एकदम येणे बंद करत नाही. आधी तो उपासनेनंतर आवारात थांबणे सोडतो, मग मागच्या बाकावर बसू लागतो, मग आशीर्वादाचे शब्द संपण्याआधीच बाहेर पडतो, आणि काही महिन्यांनी घरचे लोक ‘आज त्यांना बरे नाही’ असे सांगू लागतात. त्याचा विश्वास गेला असे आपण समजतो, पण बहुतेक वेळा विश्वास तसाच असतो. ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो प्रश्न दर रविवारी कानावर घेण्याचे बळ मात्र त्याच्यात उरलेले नसते. तो प्रश्न फार साधा आहे : ‘सध्या कुठे असता?’

हे मी ऐकीव सांगत नाही. पुण्यातील एका खासगी कंपनीत मी बरीच वर्षे काम केले. आमचा विभाग बंद झाला आणि माझ्याबरोबर अनेकांना घरी बसावे लागले. पगार थांबण्याची भीती होतीच, पण त्याहून खोल जखम वेगळी होती. माझ्या नावामागचा हुद्दा गेल्यावर मी नेमका कोण आहे, हे मला सांगता येईना. ज्या ठिकाणी त्याचे उत्तर सर्वांत आधी मिळायला हवे होते, त्या माझ्या मंडळीतही माणसाला ओळखण्याची पद्धत कंपनीसारखीच होती. कोणी वाईट बोलले नाही. उलट सगळे प्रेमाने विचारपूस करत होते, आणि त्या विचारपुशीत ‘लागली का कुठे?’ याखेरीज दुसरे काही नव्हते.

आपण आपल्याच रीती जरा थांबून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. साक्षीच्या वेळी उभे राहणारे बहुतेक जण बढती, परदेशाचा व्हिसा किंवा नवे घर यांबद्दल देवाचे आभार मानतात. आभार मानणे योग्यच आहे, पण वर्षानुवर्षे फक्त अशाच साक्षी ऐकलेल्या मुलांच्या मनात देवाच्या कृपेचे मोजमाप कोणते ठसते? लग्नाच्या बायोडाटात ‘विश्वासू कुटुंब’ हे शब्द एका ओळीत आटोपतात आणि पगाराचे पॅकेज ठळक अक्षरांत येते. कापणीच्या सणाच्या लिलावात मोठी बोली लावणाऱ्याचे नाव माइकवरून दोनदा पुकारले जाते, आणि घरची दोन अंडी आणून वेदीजवळ ठेवणारी विधवा यादीतही नसते. कमिटीच्या निवडणुकीत उमेदवाराची पहिली ओळख म्हणजे तो कोणत्या खात्यात कोणत्या पदावर आहे किंवा होता. दफनाच्या वेळीही मृताचा परिचय त्याच्या सेवापुस्तिकेसारखा वाचला जातो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार आपण ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहोत. इतक्या लहान समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे एखाद्याची नोकरी गेल्याची बातमी तो घरी पोहोचण्याआधी मावशीच्या मंडळीपर्यंत पोहोचलेली असते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा आहे. तो यार्देनेतून वर येतो तेव्हा आकाशवाणी होते : ‘तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.’ हे शब्द त्याच्या कार्याच्या आरंभी आले आहेत, शेवटी नव्हे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. तोवर त्याने एकही प्रवचन केलेले नाही, एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. लूक सांगतो की तो तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीचा सगळा काळ एका आडगावात, सुताराच्या कामात, कोणाच्या नजरेत न भरता गेला होता. पित्याचा संतोष त्याच्या कामगिरीची वाट पाहत थांबला नाही. पुढे सहाव्या अध्यायात तोच येशू स्वतःच्या गावी शिकवू लागतो, तेव्हा नासरेथकर विचारतात, ‘हा सुतारच ना?’ आणि त्याच्यामुळे अडखळतात. पित्याने त्याला नात्यावरून ओळखले, गावाने धंद्यावरून. आपल्या मंडळ्यांत आज कोणता आवाज अधिक ऐकू येतो, याचे उत्तर आपण प्रत्येकाने प्रार्थनेत द्यावे.

आपण बाप्तिस्मा घेतला किंवा आईवडिलांनी आपल्याला तान्हेपणी त्यासाठी पुढे आणले, तेव्हा आपल्या हातून काय घडले होते? तान्ह्या बाळाला तर काहीच करता येत नाही, तरी पाळक त्याला हातात घेऊन सर्व मंडळीसमोर देवाचे लेकरू म्हणतात. नोकरी लागल्यावर त्या शब्दांत भर पडत नाही आणि नोकरी गेल्यावर त्यांतून काही वजा होत नाही. ख्रिस्ती माणसाच्या आत्मसन्मानाचा पाया एवढाच आहे, आणि तो पुरेसा भक्कम आहे. घरी बसल्यावर पहिले काही महिने मला तो फक्त बुद्धीने कळत होता. मनात उतरायला वेळ लागला, कारण आजूबाजूचे कोणी तो मोठ्याने बोलून दाखवत नव्हते.

हे सांगण्याचा अधिकार इतर कोणापेक्षाही मराठी ख्रिस्ती मंडळीला अधिक आहे, आणि म्हणूनच तिचे मौन मला अधिक सलते. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सोलापूर, औरंगाबाद, जालना या भागांतील महार व मांग वस्त्यांतून आले. गावगाड्यात त्यांची ओळख त्यांच्या कामावरून ठरलेली होती. वेशीची राखण करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, मृत्यूचा सांगावा घेऊन परगावी जाणे, सरकारी अंमलदारांसाठी लाकूडफाटा वाहणे ही कामे महारांकडे. दोर वळणे आणि अशीच इतर कामे मांगांकडे. त्या बदल्यात बलुते आणि थोडी वतनी जमीन. माणूस जन्मायच्या आधी त्याचे काम ठरलेले, आणि त्या कामावरून त्याची किंमत ठरलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते ही गुलामी ओळखूनच, आणि ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

अहमदनगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, त्यानंतरच्या दशकांत आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी सुवार्ता ऐकली. त्यांना त्यात काय मिळाले, याची अनेक उत्तरे देता येतील. दुष्काळात मिळालेली मदत हे एक उत्तर आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही, कारण भुकेल्याला भाकरी देणे ही सुवार्तेचीच आज्ञा आहे. पण केवळ भाकरीसाठी कोणी गावाचा बहिष्कार, पाण्याची बंदी आणि भाऊबंदांचा दुरावा पिढ्यान्‌पिढ्या सोसत नाही. ‘तू काय काम करतोस’ हे न विचारता ‘तू कोणाचा आहेस’ हे सांगणारा देव त्यांना भेटला होता. ज्यांच्या घराण्याने कामावरून होणारा अपमान शतकानुशतके भोगला, त्यांच्याच पणतवंडांनी आज एकमेकांना कामावरून तोलावे, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

हे घडले कसे, तेही पाहायला हवे. मिशनने शाळा, दवाखाने, वसतिगृहे काढली आणि त्यांत आपल्या लोकांना कामे दिली. कालपर्यंत वेशीबाहेर उभा असलेला माणूस गावच्या शाळेत ‘मास्तर’ झाला, त्याची मुलगी परिचारिका झाली, सून घरोघरी शास्त्र वाचून दाखवू लागली. त्या हुद्द्याने खरोखरच प्रतिष्ठा मिळाली, आणि ती मिळवण्यासाठी त्या पिढीने जे कष्ट घेतले त्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण देवाने दिलेले मोल आणि मिशनने दिलेले पद या दोन गोष्टी एकाच काळात हाती आल्या, त्यामुळे त्या एकच आहेत असे वाटू लागले. मिशनची नोकरी हेच एक नवे वतन झाले. पुढे मिशनच्या संस्थांतील जागा आटल्या, अनेक कामे कंत्राटावर गेली, आणि मुले सरकारी खात्यांत, कारखान्यांत, आखातात, हिंजवडीच्या कंपन्यांत गेली. नोकरीवरून माणूस ओळखण्याची सवय मात्र बरोबर गेली.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण दर वर्षी वाचतो, आणि प्रवचनात बहुधा ‘उशिरा विश्वास ठेवणारालाही तारण मिळते’ एवढाच अर्थ सांगतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण मत्तयाच्या विसाव्या अध्यायात उभी असलेली माणसे प्रत्यक्ष बेकार माणसे आहेत. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यावर सकाळी डबा घेऊन उभे राहणारे लोक आठवा. दुपार होते, ऊन चढते, आणि तरीही काही जण तिथेच असतात, कारण रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा उभे राहणे बरे वाटते. मळ्याचा घरधनी संध्याकाळी पाच वाजता येऊन ‘दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात?’ असे विचारतो, तेव्हा ते आळसाचे कारण देत नाहीत. आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही, असे सांगतात. तो त्यांना दोष देत नाही, सल्ला देत नाही, तुमच्यात काय कमी आहे ते शोधा असेही म्हणत नाही. तो त्यांना आत पाठवतो आणि दिवसाअखेर पूर्ण दिवसाची मजुरी देतो, म्हणजे त्यांच्या घरची चूल त्या रात्री इतरांसारखीच पेटते. सकाळपासून राबलेल्यांची तक्रारही नीट वाचावी. त्यांना ठरल्यापेक्षा कमी मिळालेले नाही. तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले, हे त्यांचे दुःख आहे. आपल्या पूर्वजांना पंक्तीत बसवल्यावर गावाने हीच तक्रार केली होती.

आपल्यातील काही वडीलधारे या ठिकाणी थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्राचा दाखला देतात की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. मी त्यांना नम्रपणे सांगेन की पौल तिथे काम करण्याची इच्छा नसलेल्यांविषयी बोलतो, काम न मिळालेल्यांविषयी नव्हे. ज्याने दोनशे ठिकाणी अर्ज पाठवले आहेत त्याच्यावर हे वचन फेकणे म्हणजे शास्त्राचा दगड करणे आहे. त्याचप्रमाणे ‘देव तुला मस्तक करील, शेपूट करणार नाही’ हे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचन बढतीच्या साक्षीला जोडून वापरले जाते, तेव्हा मागच्या बाकावरचा माणूस स्वतःला शेपूट समजून घरी जातो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही त्याच्या हानीवरून त्याच्या पापाचा हिशेब मांडला होता, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर.

पौलाचे स्वतःचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. फिलिप्पैकरांना लिहिताना तो आधी आपली सगळी ओळख मांडतो : आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांतला इब्री, शास्त्राच्या दृष्टीने परूशी. इतका भारदस्त बायोडाटा मांडून तो म्हणतो की ख्रिस्ताच्या ओळखीपुढे हे सर्व मी केरकचरा लेखतो. हे तो बंदिवासातून लिहीत आहे, जिथे त्याचा तंबूचा धंदाही बंद आहे आणि प्रवासही. त्याच पत्रात आनंद करा, आनंद करा असे तो पुन्हा पुन्हा लिहितो.

यावरून कोणी काम क्षुद्र आहे असा अर्थ काढू नये. पौलाने तंबू शिवले, प्रभूने रंधा मारला, आणि आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना विणकाम, शेती, छपाई शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. परंतु त्याच मुक्तीमध्ये अंध स्त्रियांना, वृद्धांना आणि ज्यांच्याकडून कोणतेही काम होण्यासारखे नव्हते अशांनाही जागा होती, आणि ती जागा उपकाराची नव्हती, घरच्या माणसाची होती. कामाला मान आणि काम न करू शकणाऱ्यालाही तितकाच मान, हे एकाच आवारात शक्य आहे, हे रमाबाईंनी दाखवून दिले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ साली श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात लिहिले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. आपण प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही ते आपलेसे मानायला हरकत नसावी.

तसेच, माणसाला ‘तू देवाचा लाडका आहेस’ एवढे सांगून रिकाम्या हाताने पाठवणे हेही सुवार्तेला धरून नाही. ऊब घ्या, तृप्त व्हा असे नुसते म्हणणाऱ्याला याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट शब्दांत फटकारले आहे. आपल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना १९५० च्या अनुसूचित जातींसंबंधीच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे गेलेली नोकरी पुन्हा मिळवणे त्यांना अधिक कठीण जाते. शाळेची फी, घराचा हप्ता, आईची औषधे हे प्रश्न खरे आहेत, आणि मंडळीने ते ओझे वाटून घेतलेच पाहिजे. मी एवढेच म्हणतो की मदत मिळाल्यामुळे माणूस खालच्या पायरीवर जाऊ नये.

गृहिणींविषयीही एक गोष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘काय करता?’ असे विचारल्यावर आपल्या किती बहिणी ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देतात, ते ऐका. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी, महिला मंडळाची सभा सांभाळणारी, आजारी सासूची शुश्रूषा करणारी स्त्री आपल्या आयुष्याचे वर्णन ‘काही नाही’ असे करते, आणि मंडळीतला कोणीही तिला दुरुस्त करत नाही. याउलट ज्यांना नोकरी आहे त्यांची दुसरी पिळवणूक चालते. ‘अनुवाद’ या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा देताना देव कारण सांगतो की तू मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. रविवारीही लॅपटॉप मिटू न शकणाऱ्या तरुणांना ही आज्ञा सुटकेची बातमी म्हणून सांगायला हवी. आपण ती केवळ हजेरीसाठी सांगतो.

आणि पाळकहो, हे पत्र तुमच्यावर आरोप करण्यासाठी नाही. मंडळी तुम्हालाही वर्गणीच्या आकड्यावरून, सभासदांच्या संख्येवरून आणि इमारतीच्या रंगरंगोटीवरून तोलते, हे मी कमिटीच्या सभांतून ऐकले आहे. निवृत्त झालेल्या पाळकाला दुसऱ्या रविवारपासून कोणी विचारत नाही, हेही पाहिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापला. हाती पद नव्हते, वेतन नव्हते, आणि १९१९ मध्ये ते गेले. पण त्या शेवटच्या दोन वर्षांतले टिळक आधीच्या टिळकांपेक्षा कमी मोलाचे होते, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. त्यांची भजने आपण आजही टाळ-मृदंगावर गातो. तुमचेही मोल तुमच्या पास्टरेटच्या आकारावर नाही, आणि हे तुम्हाला सांगणे हे आम्हा सभासदांचे कर्तव्य आहे.

म्हणून माझ्या विनंत्या अगदी व्यवहारातल्या आहेत. शास्त्रपाठ वाचणे, अर्पण गोळा करणे, शब्बाथशाळेत शिकवणे या सेवा वाटताना ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना मुद्दाम बोलवावे, आणि ‘आता यांना वेळ आहे’ म्हणून नव्हे, तर त्यांच्या अंगी ते दान आहे म्हणून. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना नोकरी मागावीच, पण त्याआधी त्या व्यक्तीबद्दल देवाचे आभार मानावेत. नाव पुकारण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. साक्षीच्या वेळी ज्यांचे काही ‘झाले’ नाही आणि तरी जे विश्वासात टिकून आहेत, त्यांनाही उभे राहू द्यावे. कापणीच्या सणात देणगीची रक्कम माइकवरून सांगणे थांबवावे. वधूवर सूचक मेळाव्यांच्या अर्जात पगाराचा रकाना शेवटी न्यावा, शक्य असेल तर काढून टाकावा. अडचणीतील कुटुंबांसाठी छोटा निधी ठेवावा, त्याचा हिशेब दोनच पंचांकडे राहावा आणि लाभार्थ्याचे नाव वार्षिक अहवालात छापू नये. दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या तयारीच्या, वर्गात मुलांना करिअरविषयी मार्गदर्शन आपण देतोच. त्याबरोबर एक पूर्ण तास मार्कच्या पहिल्या अध्यायासाठी द्यावा, म्हणजे पहिल्या नकाराच्या आधी त्यांच्याजवळ ते वाक्य असेल.

यांतले बरेचसे एका ठरावाने सुरू करता येण्यासारखे आहे. आपल्या येत्या पास्टरेट कमिटीच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, त्या सभेला नोकरी नसलेल्या किमान दोघा सभासदांना बोलावून आधी त्यांचे म्हणणे ऐकावे आणि मगच काय ते ठरवावे, अशी माझी प्रार्थनापूर्वक विनंती आहे. जिथे बोलावले जाईल तिथे मी स्वखर्चाने येईन.

आपला ख्रिस्तबंधू,
पुण्यातील एका मराठी मंडळीचा सभासद